वादी रम : वाळवंट आणि त्याचे राखणदार

पाड्यांवर काम करताना एक प्रश्न सतत पाठीशी असतो. जमीन राखीव झाली की तिथल्या माणसांचे काय? या हिवाळ्यात जॉर्डनला जाण्याचा योग आला, तेव्हा हाच प्रश्न घेऊन वादी रमला गेलो.

जॉर्डनच्या दक्षिण टोकाला, अकाबा बंदरापासून तासाभराच्या अंतरावर, तांबूस वाळूची ही विस्तीर्ण दरी आहे. दोन्ही अंगांनी वालुकाश्माचे कडे सरळ उभे. जबल रम हा डोंगर १७३४ मीटर उंच आहे. १९९८ मध्ये हा प्रदेश संरक्षित जाहीर झाला आणि २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली. क्षेत्र सुमारे ७४० चौरस किलोमीटर. ही नोंद निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर झालेली आहे. इथल्या खडकांवर उंट, रानबकरे, शिकारी अशी सुमारे २५ हजार कोरीव चित्रे आहेत आणि २० हजारांवर लेख. त्यांपैकी कित्येक लेख म्हणजे वाटसरूंनी आणि गुराख्यांनी कोरलेली स्वतःची नावे. निरक्षर रानटी लोकांचे वाळवंट, ही आपली समजूत तिथे पहिल्याच दिवशी गळून पडते.

‘बेदू’ हा शब्द ‘बादिया’ म्हणजे मोकळे रान यावरून आला. रम गावात झलाबिया कुळाचे लोक राहतात, शेजारच्या दिसी गावात झुवायदा कुळाचे. आता बहुतेकांची सिमेंटची घरे आहेत, मुले शाळेत जातात, हातात मोबाईल आहेत. तरीही शेळ्या-उंट सुटलेले नाहीत, आणि काळे तंबूही नाहीत.

या तंबूविषयी थोडे सांगायलाच हवे. शेळीच्या केसांचे सूत बायका कातून विणतात. कोरड्या हवेत वीण सैल राहते, धूर आणि उष्मा बाहेर जातो. पाऊस पडला की केस फुगतात, भोके बुजतात आणि पाणी आत येत नाही. वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस न होणाऱ्या मुलखात इतका विचार! आपल्याकडच्या कुडाच्या भिंतींची मला आठवण झाली.

कॉफीचेही तसेच. हिरव्या बिया आमच्यासमोर भाजल्या, लाकडी उखळीत वेलदोड्यासह कुटल्या. कुटण्याचा तालबद्ध आवाज लांबवर जातो. घरी पाहुणा आहे, शेजाऱ्यांनी यावे, असा त्याचा अर्थ. कपात दोन घोट. पहिला कप पाहुण्याचा, दुसरा मौजेचा, तिसरा तलवारीचा, म्हणजे तो घेतला की संकटात यजमानाच्या बाजूने उभे राहण्याचे बंधन. पुरे झाले की कप हलवून परत द्यायचा. मला हे ठाऊक नव्हते, म्हणून ओतणारा ओतत राहिला आणि मी पीत राहिलो! वाळवंटात चुकलेल्या माणसाला दार बंद झाले तर तो मरतो. तीन दिवस पाहुण्याला काही न विचारता ठेवून घ्यायची रीत त्यातूनच आली असावी.

आमचा गाडीवान रम गावचाच तरुण होता. प्रवेशाचे पाच दिनार केंद्रावर भरले की पुढे वाट त्याची. आजोबा उंट पाळत, वडील गिर्यारोहकांना वाट दाखवत, हा गाडी चालवतो. गाड्यांच्या चाकांनी झुडपे मोडतात, हे तो स्वतःच सांगत होता आणि जुन्याच चाकोरीतून गाडी नेत होता. त्याची खरी काळजी पाण्याची. दिसीच्या खाली हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचे पाणी साठलेले आहे. २०१३ पासून ते नळांतून थेट अम्मानला जाते. राजधानीलाही तहान आहेच, पण हे पाणी पुन्हा भरणारे नाही.

इथून दोन तासांवर पेट्रा आहे. तिथल्या गुहांत राहणाऱ्या बदूल कुळाला १९८५ मध्ये, पेट्राला जागतिक वारसा ठरवले त्याच वर्षी, बाहेर नव्या वस्तीत नेऊन वसवले. पुढे २००५ मध्ये युनेस्कोने पेट्रा आणि वादी रमच्या बेदूंची जीवनरीत मानवी वारसा म्हणून गौरवली. त्यांना गुहांतून काढले ते आधी, जीवनरीतीचा गौरव झाला तो नंतर. वादी रमला मात्र गाव जागेवर राहिले आणि प्रवाशांचा बराच पैसा गावातच फिरतो. सगळे छान आहे असे नाही. मोठ्या तंबू-छावण्यांची गर्दी वाढते आहे, आणि शेळ्या राखायला तरुण पोरे मिळत नाहीत.

रात्री शेकोटीजवळ त्याने मला विचारले, “तुमच्याकडे जंगल राखीव झाले की गावे राहतात का?”

मेळघाटातून गावे हलवल्याचे मी सांगितले. तो थोडा वेळ निखारे सारत राहिला. मग म्हणाला, “आणि त्यांची गुरे?”