पुसदचा वकील मुख्यमंत्री झाला, आणि मग वाशीमचा खासदार!

गोष्ट आहे 1977 ची. आणीबाणी उठली, लोकसभेच्या निवडणुका लागल्या आणि काँग्रेसचं पानिपत झालं. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीतून पडल्या. महाराष्ट्रात 48 पैकी काँग्रेसच्या वाट्याला आल्या फक्त 20 जागा. त्यातली एक होती वाशीमची, आणि तिथून निवडून आले होते वसंतराव नाईक.

आज शेलूबाजार म्हटलं की लोकांना आठवतो समृद्धी महामार्ग. गाव येतं यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघात. पण 2008 च्या पुनर्रचनेआधी वाशीम हा स्वतंत्र मतदारसंघ होता. जिल्हा मात्र तेव्हा अकोला. वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला, आणि योगायोग बघा, 1 जुलै हाच नाईकांचा जन्मदिवस!

1913 साली पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या बंजारा तांड्यात त्यांचा जन्म झाला. एका गावातून दुसऱ्या गावात शाळा बदलत शिक्षण झालं. पुढे नागपूरला मॉरिस कॉलेज आणि मग कायद्याची पदवी. वकिलीचे पहिले धडे त्यांनी गिरवले अमरावतीत, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली. गुरू बॅरिस्टर, पण डोक्यात कायम शेतकरी. शिष्यातही तेच उतरलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर त्यांनी पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण आणि काळ 1941 चा. विरोध होणारच होता, तो झालाही.

1946 ला ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, 1952 ला आमदार. हे आमदार मध्य प्रदेशचे बरं का, कारण विदर्भ तेव्हा तिकडे होता. 5 डिसेंबर 1963 ला ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत, म्हणजे सलग 11 वर्षांहून जास्त काळ, त्या खुर्चीवर राहिले.

1965 ला पुण्याच्या शनिवारवाड्यावर त्यांनी जाहीर सांगितलं, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या. संकरित बियाणं आलं, कृषी विद्यापीठं उभी राहिली. पण 1972 च्या दुष्काळाने सगळा हिशोब उलटा केला. विहिरी आटल्या, जनावरं गेली. तेव्हा सरकारने वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना उचलली आणि लाखो हातांना खडी फोडायचं, तलाव खोदायचं काम मिळालं.

टीकाही भरपूर झाली. मुंबईत शिवसेनेला त्यांचं पाठबळ आहे असं म्हणत विरोधकांनी तिला 'वसंतसेना' असं नाव ठेवलं होतं.

अशा माणसाला दिल्लीत पहिल्यांदाच विरोधी बाकांवर बसावं लागलं. ही खासदारकी जेमतेम अडीच वर्षांची ठरली. 18 ऑगस्ट 1979 ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. 1980 ला वाशीमने निवडून दिले काश्मीरचे गुलाम नबी आझाद. 1998 ला इथूनच लोकसभेत गेले नाईकांचे पुतणे सुधाकरराव.

आणि रोजगार हमी? राज्यात तिचा कायदा लागू झाला 1979 मध्ये, नाईकांच्या शेवटच्या वर्षी. देशाला तसा कायदा करायला 2005 साल उजाडलं.