घाटाच्या पायथ्याची खोपोली

पुणेकराला खोपोली आली की घाट संपला असं वाटतं, मुंबईकराला घाट लागला असं. गाडी थांबते ती वडापाव आणि चहापुरती. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून तर बहुतेक गाड्या तेवढ्यापुरत्याही थांबत नाहीत. खालापूर तालुक्यातल्या या गावात मुद्दाम उतरावं, आणि उतरलं की आधी तळ्यावर जावं.

तळं आणि काठावरचं वीरेश्वराचं देऊळ नाना फडणवीसांनी बांधलं. कोकणातून पुण्याला निघालेली वाट इथूनच बोरघाटाला लागे, आणि चढणीआधी माणसाला काय, बैलाला काय, विसावा आणि पाणी लागेच. पायऱ्यांवर घटकाभर बसलं की समोर पाणी, मागे घंटेचा आवाज आणि वर सह्याद्रीची भिंत. गावाचा सगळा इतिहास त्या भिंतीपायी घडलेला आहे. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर पुण्याकडे जाताना इथे थांबले, तेव्हा त्यांनीही रोजनिशीत या तळ्याची, देवळाची आणि नानांच्या नावाची नोंद केली.

त्याआधी, १७८१ च्या फेब्रुवारीत, इंग्रजांचा जनरल गॉडर्ड याच बाजूने घाट चढला. पुण्याच्या उंबरठ्यावर फौज आली की नाना तहाला तयार होतील, असा त्याचा होरा होता. नाना बधले नाहीत. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याची रसद तोडली, आणि एप्रिलमध्ये मार खात गॉडर्ड पनवेलकडे परतला.

मला स्वतःला खोपोलीचा सर्वांत नवलाचा काळ वाटतो तो रेल्वेचा. १८५६ साली मुंबईहून निघालेले रूळ खोपोलीला पोचले आणि थांबले. पुढे घाट होता. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला डोंगर तसाच राहिला. पाच वर्षं मुंबईचा उतारू खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. त्या काळात गावात केवढी गजबज असेल! १८६३ मध्ये पंचवीस बोगदे खोदून घाटातली लोहमार्गाची चढण खुली झाली, तीही कर्जतकडून. खोपोलीच्या वाट्याला एक फाटा उरला. घाटात शिंग्रोबाचं ठाणं आहे. इंग्रज इंजिनिअरांना डोंगरातली वाट या धनगराने दाखवली आणि त्याचा मोबदला म्हणून त्याला मरण मिळालं, अशी कथा सांगतात. कागदोपत्री पुरावा असो नसो, आजही ट्रकवाले तिथे गाडीचा वेग कमी करून नाणं टाकतात.

रेल्वेने पाठ फिरवली, पण डोंगराने गावाला दुसरं काही दिलं. १९१५ मध्ये टाटांचं जलविद्युत केंद्र इथे सुरू झालं. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचं पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि पाताळगंगेत जातं. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या. यातली एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही: हे पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. एरवी ते भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. खोपोलीने ते अरबी समुद्राकडे वळवलं. पाताळगंगेकाठचे कारखाने याच पाण्यावर उभे राहिले.

हाताशी दिवस असेल तर महडचा वरदविनायक जवळ आहे, आणि चावणीजवळची उंबरखिंडही. तिथे २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान याला अरुंद खिंडीत गाठून शरण आणलं. स्मारक आहे, नदी आहे, आणि चहूबाजूंचं रान पाहिलं की ही लढाई पुस्तकापेक्षा लवकर उमगते.

एवढं मात्र करा, मोटारीने जाऊ नका. कर्जतहून खोपोली लोकल पकडा: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. हा तोच १८५६ चा मार्ग आहे, आणि गाडी आजही इथेच संपते.