आयोडीनचा गावहिशेब

प्रौढ माणसाला दिवसाला जेमतेम १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. जन्मभराचं सगळं मिळून एका लहान चमच्यात मावेल. आता अख्ख्या जिल्ह्याला ते पुरेसं मिळतंय का, हे कसं ठरवायचं?

आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, म्हणून पूर्वी डॉक्टर गळे चाचपायचे. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात हेच केलं. सुमारे लाखभर वस्तीचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ मिळू लागलं, तिसऱ्याला साधं. सहा वर्षांनी पहिल्या दोन भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलं होतं. तिसऱ्यात ढिम्म फरक नव्हता. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू झालं. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या या कामाच्या अहवालावर देव आणि करमरकर ही आपल्याकडची आडनावंही आहेत.

पण गलगंड ओसरायला वर्षं लागतात, आणि छोटी गाठ एका डॉक्टरच्या बोटांना लागते, दुसऱ्याच्या नाही. म्हणून आता लघवी तपासतात. खाल्लेल्या आयोडीनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्याच वाटेनं बाहेर पडतं.

प्रयोगशाळेतली रीत बघण्यासारखी आहे. नमुना आधी रसायनात तापवून त्यातली सेंद्रिय घाण जाळतात. मग आर्सेनिकचं द्रावण, आणि शेवटी पिवळंधमक सेरियमचं द्रावण. आयोडीन जितकं जास्त, तितका पिवळा रंग भराभर उडतो. त्यामुळे सगळा खेळ घड्याळाचा. नळ्यांत सेरियम ठरावीक सेकंदांच्या अंतरानं घालायचं आणि त्याच क्रमानं, त्याच अंतरानं रंग मोजायचा. हात रेंगाळला की आकडा बदलला. जखमेवर लावायची आयोडीनची बाटली तर त्या खोलीत आणायचीच नाही. तिचा एक शिंतोडा सगळे नमुने बिघडवतो.

हा आकडा एकट्यादुकट्या माणसाचा नसतो. काल काय खाल्लं, पाणी किती प्यालं, यावर तो रोज वरखाली होतो. एका माणसाबद्दल बरं अनुमान काढायचं तर दहाएक नमुने हवेत. पण शेकडो मुलांचे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला उचलला, की गावाची स्थिती कळते. शाळकरी मुलांत तो लिटरला १०० मायक्रोग्रॅम किंवा वर असेल तर ठीक. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी वयाचा मधला आकडा १७५ निघाला. एका लघवीच्या नमुन्यावर ‘तुमचं आयोडीन कमी’ सांगणाऱ्या महागड्या पॅकेजवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

त्याच सर्वेक्षणात जस्तही मोजलं, आणि ते आणखी खट्याळ. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त रक्तात उतरतं. रक्तपेशी फुटल्या तरी आकडा फुगतो, आणि अंगात जंतुसंसर्ग असला तर उलट खाली येतो. म्हणून खास नळ्या लागतात, रक्त लवकर वेगळं करावं लागतं आणि शरीरातली सूज दाखवणारी तपासणी जोडीला करावी लागते. यातलं काही न सांगता कुणी नुसती टक्केवारी दिली, तर ती जपून वाचावी.

आयोडीनचं मोजमाप सोपं पडतं ते मुलं शाळेत एकगठ्ठा सापडतात म्हणून. मात्र खरी गरज पोटातल्या बाळाच्या मेंदूला असते आणि गरोदर बायकांसाठी लघवीतला निकष लिटरला १५० चा आहे. मुलांचा आकडा १२० आला तर शाळा पास होते, त्याच गावची गरोदर बाई नापास असू शकते. तिचे नमुने वेगळे घ्यायलाच हवेत.