सोसायटीचें दप्तर व नोंदींचा नकाशा

गांवोगांवच्या विकास सेवा सोसायट्यांचें दप्तर संगणकावर घेण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें मान्यता दिली. आरंभीं तींत देशांतील ६३,००० सोसायट्या धरल्या होत्या. वह्या जाऊन यंत्र आलें म्हणजे चुका आपोआप नाहींशा होतील, असा कित्येक सभासदांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. यंत्र नोंद झपाट्यानें शोधून देतें. परंतु कोणती नोंद कोणत्या नोंदीशीं जोडावयाची, हें मनुष्यानेंच आधीं ठरवून द्यावें लागतें.

हा विषय शेतकऱ्यांस परका नाहीं. तलाठ्याचें दप्तर पाहावें. गांव नमुना ७ मध्यें गटाचे धारक व त्यांचे हक्क असतात, नमुना १२ मध्यें त्याच गटांतील पिकें, नमुना ८-अ मध्यें एका खातेदाराची त्या गांवांतील सर्व जमीन, आणि हक्क कसा बदलला याची हकीकत नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत. ती सारी हकीकत सातबाऱ्यावर पुन्हां उतरीत नाहींत. केवळ फेरफाराचा क्रमांक घालतात. हा क्रमांकच दोन नोंदवह्यांस जोडणारा दुवा होय. एडगर कॉड यांनीं सन १९७० मध्यें संगणकांतील माहितीच्या मांडणीचा जो सिद्धांत प्रसिद्ध केला, तोही याच मार्गाचा आहे: माहिती कोष्टकांत मांडावी, आणि कोष्टकें अशा खुणांनीं जोडावीं.

यापासून लाभ काय, हें आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणावरून कळेल. सन १९४९ मध्यें सातारा जिल्ह्यांतून दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, व सन १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. ज्या दप्तरांत प्रत्येक माणसापुढें जिल्ह्याचें नांव लिहिलेलें असेल, त्यांत अशा वेळीं हजारों ओळी खोडाव्या लागतात. नांव एकाच ठिकाणीं लिहून अन्यत्र क्रमांक घातला असेल, तर एकच ओळ बदलली कीं काम झालें.

नोंदींचे असे संबंध चौकटी व रेघा काढून दाखविण्याची पद्धत पीटर चेन यांनीं सन १९७६ मध्यें मांडली. सोसायटीसाठीं सभासद, गट, कर्ज व भरणा अशा चौकटी कागदावर काढाव्या. एका सभासदाचीं कर्जें अनेक, परंतु एक कर्ज एकाच सभासदाचें. म्हणून त्या दोन चौकटींमध्यें रेघ ओढून कर्जाकडील टोकास तीन फांटे काढावे. फांटे म्हणजे ‘अनेक’. कर्ज व भरणा यांचा संबंधही असाच होय. गटाची गोष्ट मात्र निराळी आहे. एका सभासदाचे गट अनेक असतात, तसेच भावाभावांच्या सामाईक गटास धारकही अनेक असतात. अशा वेळीं दोहोंमध्यें ‘हिस्सा’ ही तिसरी चौकट घालावी, व तींत सभासद क्रमांक, गट क्रमांक आणि क्षेत्र लिहावें. ही चौकट विसरली, तर एकच क्षेत्र दोघां भावांच्या नांवें पूर्णपणें धरलें जाईल आणि कर्जाची मर्यादाच चुकेल.

दुसरा धोका एकाच माणसाच्या दोन नोंदींचा. एका ठिकाणीं आडनांवासह व दुसऱ्या ठिकाणीं केवळ वडिलांच्या नांवासह लिहिलेला सभासद यंत्रास दोन माणसें वाटतो. साखर कारखान्यानें उसाच्या बिलांतून कापलेली रक्कम एका नोंदीस जमा होते, आणि कर्ज दुसऱ्या नोंदीवर थकलेलें दिसतें. मुदतींत फेड करणारास मिळणारी व्याजाची सवलत अशा रीतीनें हकनाक जाते, आणि प्रामाणिक माणूस थकबाकीदार ठरतो.

सबब आपलें दप्तर संगणकावर जाण्यापूर्वीं, व गेलें असल्यास आतां तरी, प्रत्येक सभासदानें सचिवाकडून आपला उतारा मागून घ्यावा. आपला सभासद क्रमांक एकच आहे काय, आठ-अ वरील सर्व गट आले आहेत काय, सामाईक गटांत आपला हिस्साच तेवढा धरला आहे काय, प्रत्येक भरणा त्या त्या कर्जास लागला आहे काय, आणि मयत सभासदाच्या वारसांची नोंद झाली आहे काय, हे पांच प्रश्न ताडून पाहावे. चूक आढळल्यास ती लेखी अर्जानें कळवून पोंच घ्यावी. नोंदींचे संबंध एकदां नीट जुळले, म्हणजे पुढील हिशेबाचें काम यंत्रावर निर्धास्तपणें सोंपवितां येईल.