गंजाला थिगळ चालत नाही

माझ्या मामूंनी तरुणपणी लष्कराच्या लिलावात एक जुनी जीप घेतली होती. विलीज कंपनीची, दुसऱ्या महायुद्धातली. चाळीसएक वर्षं ती कोकणातल्या लाल मातीत आणि खाडीकाठच्या खाऱ्या वाऱ्यात धावली. तिने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं. मामू गेले आणि गाडी पडवीत उभी राहिली. पुढे मामेभावाने तिला छान हिरवा रंग दिला. मुलीच्या लग्नात नवरा-नवरीला याच गाडीतून न्यायचं ठरलं. लग्नाला आठ दिवस होते. घाटात गाडी चालवून बघत असताना मागून काडकन आवाज आला आणि गाडी एका अंगावर बसली. मागच्या पाट्याचा हँगर चासीतून फाटून निघाला होता. दरी दुसऱ्या बाजूला होती, म्हणून आज मी हे सांगतो आहे.

गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. ते हातोडी घेऊन गाडीखाली शिरले आणि चासीवर ठोके देत पुढून मागे सरकले. टण, टण, टण... आणि मग एकदम थप्प. ‘‘इथे लोखंड नाही, नुसता रंग आहे,’’ ते आतूनच म्हणाले. खरवडलं तेव्हा कळलं, की फार पूर्वी कुणीतरी गंजलेल्या जागेवर तसाच पत्रा ठेवून वेल्डिंग मारलं होतं. त्या थिगळाखाली गंज निवांत वाढत राहिला होता.

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. शिडी आडवी ठेवल्यासारखा तिचा आकार असतो. दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. इंजिन, बॉडी, स्टिअरिंग, पाटे सगळं या शिडीवर बसतं. अमेरिकेत १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सुमारे सहा लाख चाळीस हजार जीप बनवल्या. पुढच्या-मागच्या चाकांत अवघं ८० इंचांचं अंतर. युद्ध संपेपर्यंत चालली म्हणजे झालं, असाच तेव्हाचा हिशेब. ती नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकेल, असं कुणाच्या मनातही नसणार.

आपल्याकडे जीप रुजली ती मुंबईमुळे. १९४५ साली मुंबईत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली आणि १९४७ मध्ये विलीजचे सुटे भाग आणून जोडण्याचं काम सुरू झालं. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. नावातला मोहम्मद गेला, आद्याक्षरं मात्र तीच राहिली.

आता गंजाकडे वळू. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. त्यात मीठ मिसळलं की हे काम झपाट्याने होतं, म्हणून समुद्रकाठच्या गाड्या लवकर खंगतात. गंजाचा दुसरा गुण अधिक वाईट. ज्या लोखंडापासून तो होतो, त्याच्या कित्येक पट जागा तो घेतो. इमारतीच्या स्लॅबमधली सळई गंजली की सिमेंटचे पोपडे कसे पडतात, ते आपण पाहतोच. चासीतही तेच होतं. जिथे दोन पत्रे एकमेकांना चिकटून बसवलेले असतात, तिथे पाणी शिरतं, गंज फुगतो आणि पत्र्यांना अलग करतो. चिखल साचणारे कोपरे, पाट्यांचे हँगर, बॅटरीखालची जागा आणि मागचा क्रॉस मेंबर हे गंजाचे आवडते मुक्काम.

दुरुस्तीची सुरुवात वेल्डिंगने होत नाही, ती गाडी मोकळी करण्याने होते. बॅटरी काढायची, बॉडी उतरवायची. या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ती तर आधी काढून लांब ठेवायची. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि एक ठिणगी पुरते.

मग चासी सपाट जागी घोड्यांवर ठेवून मापं घ्यायची. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, आणि त्याच्या उलटं. दोन्ही कर्ण सारखे आले तर चासी काटकोनात आहे. कापण्याआधी लोखंडी पट्ट्यांचे तात्पुरते आधार जोडायचे, नाहीतर कापताक्षणी चासी वाकडी होते. अशा गाडीची चाकं पुढे कधीच सरळ रेषेत धावत नाहीत.

कापायचं किती? चकचकीत, निरोगी लोखंड लागेपर्यंत. माणूस इथेच कचरतो. दोन बोटांएवढं भोक कापता कापता वीतभर होतं. पण गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही, धरलं तरी टिकत नाही. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम मूळच्याच जाडीचा पत्रा घ्यायचा. चॅनेलवर सरळ उभा जोड घ्यायचा नाही, तो तिरपा घ्यायचा. मग सगळा ताण एकाच रेषेवर येत नाही. वेल्डिंगही सलग नाही, थोडं इथे, थोडं तिथे, मधे थंड होऊ देत. नाहीतर उष्णतेने चासी ओढली जाते.

मामेभाऊ म्हणाला, ‘‘मिस्त्री, दुप्पट जाड पट्टी लावा, पुन्हा कटकट नको.’’ मिस्त्री हसले. जीपचं एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असतं, तेव्हा चासी थोडी पिळली जाते आणि ती तशी पिळली जायलाच हवी. एकच जागा फार कडक केली, तर सगळा पीळ त्या पट्टीच्या कडेला जमतो आणि तडा तिथेच जातो.

शेवटी गंजरोधक प्रायमर, त्यावर रंग, आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथे आतून मेणासारखं रसायन फवारायचं. पाणी निघायची भोकं तारेने मोकळी ठेवायची. जळकं ऑइल चोपडायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण ते रबरी बुशांवर गेलं तर रबर फुगून खराब होतं.

एक गोष्ट कायद्याची. चासी नंबर हे गाडीचं नाव असतं. तो भाग कापायचा किंवा घासायचा नाही. गंज तिथवर पोचला असेल तर आधी आरटीओत जायचं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते, पण ती मूळ रूपात हवी. चासीत फेरफार केलेला चालत नाही. म्हणून दुरुस्तीआधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवावेत.

लग्न दुसऱ्या गाडीतून झालं. पुतणी थोडी हिरमुसली. जीप पाच महिन्यांनी गॅरेजबाहेर आली. चासीवर अजून नुसता प्रायमर होता. मामेभावाने मिस्त्रींच्या हातून हातोडी घेतली, गाडीखाली शिरला आणि पुढून मागपर्यंत ठोके देत गेला. आम्ही बाहेर उभे राहून ऐकत होतो. टण, टण, टण. शेवटपर्यंत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)