एक मोठी नको, दोन घ्या

फोर-के कॅमेऱ्यावर सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं चित्रीकरण केलं, की तासाला ४५ जीबी जागा जाते. हळद, अक्षता, वरात आणि दोन कॅमेरे धरले तर एका लग्नाचा कच्चा माल चारशे-पाचशे जीबी सहज होतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते, त्यामुळं लग्नसराईच्या तोंडावर नवी डिस्क ही माझी दरवर्षीची खरेदी. मग ओळखीपाळखीचे विचारतात, "ताई, कॉम्प्युटर लई हळू चालतोय, डिस्कही भरलीय. नवाच घेऊ काय?" लगेच नवा घेऊ नका. पाच-सहा वर्षांचा डेस्कटॉप असेल तर बऱ्याचदा नुसती डिस्क घालून काम भागतं, आणि ती बसवणं घरच्या घरी जमतं.

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, म्हणून चालू कॅबिनेट कधी सरकवू नये. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी वाचते, केबलीनं जोडायची साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई तीन हजारांच्याही पुढं जाते. पण जागेच्या मानानं स्वस्त पडते ती हार्ड डिस्कच. म्हणून माझ्याकडं विंडोज आणि हातातलं काम एसएसडीवर, पार पडलेली लग्नं हार्ड डिस्कवर.

दुकानात जाण्याआधी मदरबोर्डचं नाव लिहून घ्या आणि त्याचं माहितीपत्रक वाचा. पट्टीसारखी एसएसडी ज्यात बसते तो एम डॉट टूचा स्लॉट दिसायला सारखाच असतो, पण काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई. काही बोर्डांवर हा स्लॉट वापरला की साटाचं एखादं पोर्ट बंद पडतं. मग जुनी डिस्क दिसेनाशी होते आणि माणूस घाबरतो. केबल दुसऱ्या पोर्टात घातली की ती परत दिसते.

काउंटरवर डिस्क कशासाठी हवी ते स्पष्ट सांगा. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क, म्हणजे वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक, दिवसरात्र सलग लिहिण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कॉम्प्युटरमध्ये चालतात, पण एडिटिंगला मी त्या घेत नाही. दुसरी गोष्ट एसएमआरची. या डिस्कवरचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. थोड्या जागेत जास्त मावतं, पण खालचं कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तसं पुन्हा पुन्हा लिहिताना डिस्क रेंगाळते. एकदा भरून ठेवून द्यायची असेल तर एसएमआर खुशाल घ्या. रोजच्या कामाला सीएमआरच हवी, म्हणजे जिचे पट्टे एकमेकांवर चढवलेले नसतात ती. कुठली कोणती, ते मॉडेल नंबरवरून कंपनीच्या संकेतस्थळावर बघता येतं. दुकानातच उभं राहून सिरीयल नंबर टाकून वॉरंटीही तपासा. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. नव्या म्हणून घेतलेल्या डिस्कचे 'पॉवर ऑन अवर्स' शेकड्यांत दिसले तर ती आधी कुठंतरी चाललेली आहे. सरळ परत करा.

आणि जागा संपायची वाट बघू नका. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला, वेस्टर्न डिजिटलचा तिथला कारखाना पाण्यात गेला आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. बऱ्याच डिस्क जवळपास दुप्पट किमतीला विकल्या गेल्या. अडलेल्या माणसाला मागतील तो भाव द्यावा लागतो.

आता बसवणं. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच डिस्कला हात घाला. अंगावरच्या स्थिर विजेनं चिप खराब होऊ शकते. साडेतीन इंची डिस्क खणात सरकवून स्क्रूनं घट्ट करा. तिचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, अडीच इंची एसएसडीचे बारीक. जबरदस्ती केली तर आटे जातात. साटाच्या दोन्ही केबलींची तोंडं एल आकाराची असल्यामुळं त्या एकाच बाजूनं बसतात. एनव्हीएमईची पट्टी तिरकी घालायची, हलक्या हातानं आडवी दाबायची आणि टोकाला छोटा स्क्रू लावायचा. एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे, डिस्कच्या. सुट्या केबलींचा पॉवर सप्लाय असेल तर दुसऱ्या कंपनीच्या सप्लायची केबल त्याला लावू नका. ती बसते, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते.

कॉम्प्युटर सुरू केल्यावर नवी डिस्क 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही. ती बिघडलेली नसते. डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिला इनिशियलाइज करा, जीपीटी निवडा आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी डिस्कचा आकार दोनदा वाचा, नाहीतर जुनीच पुसली जाईल. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

माझा खरा आग्रह आहे तो दुसऱ्या प्रतीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फुटांची. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी शिरलं. ते ओसरल्यावर चिखलानं भरलेली कॅबिनेटं घेऊन लोक माझ्याकडंही आले. मुलीच्या लग्नाचे, गेलेल्या वडिलांचे फोटो त्यात होते. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं (हेलियम भरलेली डिस्क तेवढी पूर्ण बंद), त्यातून पाणी आणि गाळ आत जातो. उन्हात वाळवून "चालू करून तर बघू" म्हटलं, की चकत्यांवर ओरखडे पडतात आणि जे वाचलं असतं तेही जातं. भिजलेली डिस्क चालू न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडंच द्यावी. त्याचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, फोटो मिळत नाहीत.

म्हणून ४ टीबीची एक घेण्यापेक्षा २ टीबीच्या दोन घ्या आणि दोन्हींवर तेच ठेवा. एक कॅबिनेटमध्ये बसवा. दुसरी तिथंच बसवू नका. विजेचा एक झटका दोन्ही नेतो. भरून, कव्हरमध्ये घालून ती उंचावर राहणाऱ्या पाव्हण्यांच्या कपाटात ठेवा, आणि दरवर्षी मृग लागायच्या आत घरी आणून नवे फोटो तिच्यावर चढवा.