चोणकाच्या मुळावर आलेला विषाणू

गोव्याच्या खाड्यांत आणि खाजनांतल्या तळ्यांत मिळणाऱ्या मासळीमध्ये चोणकाचा मान मोठा आहे, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हाच मासा जिताडा म्हणून तितक्याच आवडीने खाल्ला जात असल्यामुळे त्याच्या आरोग्याचा प्रश्न एका राज्यापुरता राहत नाही. या माशाच्या पिल्लांचा मेंदू आणि डोळ्यांतील दृष्टिपटल पोखरणारा एक संसर्गजन्य रोग गेल्या चार दशकांत जगातील अनेक समुद्रांत आढळला असून, शास्त्रज्ञ त्याला ‘व्हायरल नर्व्हस नेक्रोसिस’, म्हणजे विषाणूमुळे होणारा मज्जापेशींचा नाश, असे म्हणतात. माणसाला या रोगाची बाधा होत नाही, त्यामुळे चोणक खाण्यास भिण्याचे कारण नाही; परंतु ज्यांची उपजीविका चोणकावर आहे, त्यांचे एका हंगामाचे सारे भांडवल तो काही दिवसांत बुडवू शकतो.

रोगाचे कारण असलेला बीटानोडाव्हायरस अवघा २५ ते ३० नॅनोमीटर व्यासाचा आहे, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्याच्याभोवती मेदाचे आवरण नसते, आणि वरवर किरकोळ वाटणारी हीच गोष्ट व्यवहारात महत्त्वाची ठरते, कारण असे आवरण असलेले विषाणू साबणाने किंवा वाळल्याने सहज निकामी होतात, तर हा विषाणू समुद्राच्या पाण्यात कित्येक आठवडे तग धरतो आणि बर्फात गोठवलेल्या मासळीतही टिकून राहतो. त्याच्या ज्ञात प्रकारांपैकी उष्ण पाण्यातील माशांना ग्रासणारा प्रकार २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत जोमाने वाढतो. गोव्याच्या खाड्यांचे पाणी वर्षाचा बहुतेक काळ याच तापमानाच्या आसपास असते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातील बीजकेंद्रांत चोणकाची पिल्ले आणि त्याच सुमारास जपानमध्ये इतर जातींची पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली, तेव्हा या रोगाकडे प्रथम लक्ष गेले. भारतात चेन्नईच्या ‘सिबा’ या संस्थेने, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातील जलजीवपालनावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, १९९७ मध्ये बंदिस्त टाक्यांत चोणकाचे प्रजनन यशस्वी करून दाखवले आणि मत्स्यबीजासाठी केवळ निसर्गावर विसंबून राहण्याची गरज संपत आली; मात्र २००५ मध्ये बीजकेंद्रात वाढवलेल्या पिल्लांतील याच विषाणूची भारतातील पहिली शास्त्रीय नोंदही प्रसिद्ध झाली. टाक्यांत दाटीने वाढणाऱ्या जिवांबरोबर त्यांचे रोगही दाटीने वाढतात, हा अनुभव जगातील प्रत्येक मत्स्यपालक देशाने घेतला आहे.

आजारी पिल्लू ओळखणे अनुभवी माणसाला अवघड जात नाही. अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते अन्नाकडे पाठ फिरवते, त्याचा रंग काळवंडतो, ते स्वतःभोवती गिरक्या घेत पोहते, आणि हवेची पिशवी अतोनात फुगल्यामुळे पोट वर करून पाण्यावर तरंगत राहते. हात लावला तर क्षणभर जोराने उसळते आणि पुन्हा निपचित होते. अशा पिल्लाच्या मेंदूचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता पेशींच्या जागी गोल पोकळ्या दिसतात, आणि दृष्टिपटलातही तशाच पोकळ्या पडलेल्या असल्यामुळे त्या पिल्लाला आपले भक्ष्यही नीट दिसत नसावे, हे लक्षात येते. बीजकेंद्रात साथ आली की टाकीतील जवळजवळ सगळी पिल्ले दगावू शकतात. मोठे मासे बहुधा तगतात, पण त्यांतील काहींच्या अंगात विषाणू मुक्कामाला राहतो, आणि असा वरून धडधाकट दिसणारा वाहकच पुढच्या साथीचे मूळ ठरतो.

येथे चोणकाच्या जीवनक्रमाची एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे त्यातील बरेचसे मासे मादी होतात, त्यामुळे अंडी देणाऱ्या माद्या वयाने मोठ्या असतात आणि बीजकेंद्रे त्या मोजक्याच संख्येने सांभाळतात. अशी एक मादी बाधित असली तर अंड्यांवाटे तो संसर्ग असंख्य पिल्लांना वारशाने मिळतो. नदीत वाढलेला चोणक अंडी घालण्यासाठी मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात उतरतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर पुन्हा खाडीत, खारफुटीत आणि खाजनांत शिरतात.

पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल आणि दक्षिणेला शापोरा या नद्या आहेत, आणि कोरगाव, आगरवाडा या परिसरांतील खाजने त्यांच्याच भरती-ओहोटीवर जगतात. डिचोलीत पिळगाव आणि नार्व्याच्या बाजूला मांडवीचे खारे पाणी हेच काम करते. गोव्यातील सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन चिखल, जांभा दगड आणि गवत यांच्या बांधांनी राखलेली असून त्या बांधातील ‘मानस’, म्हणजे भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे लाकडी दार, पाण्याची ये-जा ठरवते. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात आणि एरवी मासळी, असा हा व्यवहार शतकानुशतके चालत आला आहे. मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात ओहोटीला जी मासळी सापडते ती अर्धी खाडीची आणि अर्धी तळ्याची असते. याचा सरळ अर्थ असा की, या प्रदेशात रानटी मासा आणि पाळीव मासा यांचे पाणी एकच आहे, आणि विषाणूला मानस अडवत नाही.

संसर्ग या दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. बाहेरच्या राज्यातून आणलेले न तपासलेले बीज तळ्यात सोडले, तर त्यातील विषाणू मानशीतून नदीत पोहोचतो. उलट पिंजऱ्यातील चोणकाला खाऊ घातलेल्या स्वस्त कच्च्या मासळीतून रानातला विषाणू पाळीव माशांत येतो. भूमध्य समुद्रात गोबऱ्याच्या कुळातील रानटी मासे या रोगाने मोठ्या संख्येने मरून किनाऱ्याला लागलेले आहेत, त्यामुळे हे संकट केवळ टाक्यांपुरते आहे असे मानता येत नाही.

कोळंबीच्या बाबतीत कोकणपट्टीसह सगळ्या किनाऱ्याने हा धडा आधीच महाग किमतीला घेतलेला आहे. १९९४-९५ मध्ये भारतात आलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने पूर्व किनाऱ्यावरची तळी आठवड्याभरात ओस पाडली, आणि खाजनाच्या बांधात बिळे करणाऱ्या कुर्ल्यांसारखे जीव तो विषाणू अंगावर वागवत फिरतात, हे नंतर स्पष्ट झाले. डिचोलीच्या गोड्या पाण्याच्या भागात, जिथे साखळीजवळच्या खाणीच्या जुन्या खड्ड्यात मत्स्यपालनाचे प्रयोग झाले, तिथे चोणकापेक्षा तिलापियाच्या विषाणूची काळजी अधिक वाहावी लागेल. इस्रायलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये वर्णन केलेला तो विषाणू २०१८ मध्ये भारतातही नोंदला गेला.

आजारी चोणकावर औषध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत, आणि तरीही ती तळ्यात ओतणे म्हणजे पैसा वाया घालवून खाडीत औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढवणे होय. सिबाने या रोगावर लस विकसित केली आहे, पण पहिल्या दिवसांतील पिल्लाची प्रतिकारशक्ती पुरती तयारच झालेली नसल्यामुळे लशीचा खरा उपयोग प्रजनक मासे आणि थोडी मोठी झालेली बोटुकली यांना होतो. म्हणून सगळी मदार बीजावर येते: प्रजनक माशांची आरटी-पीसीआर चाचणी करणारे, म्हणजे विषाणूच्या जनुकीय अंशाचा शोध घेणारे, आणि अंडी ओझोनयुक्त पाण्याने धुणारे बीजकेंद्र पाहूनच खरेदी करणे हा आजचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पेडणे-डिचोलीतील मत्स्यपालकांनी बीज घेताना चाचणीचा दाखला मागावा, नवी पिल्ले काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवावीत, गिरक्या घेणारी पिल्ले दिसताच मानस बंद ठेवावी, मेलेले मासे नदीत न टाकता चुना घालून पुरावेत, आणि मत्स्योद्योग खात्याला किंवा जुन्या गोव्यातील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेला त्याच दिवशी कळवावे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवरूनही ही माहिती थेट पाठवता येते.